पहिल्यांदाच मुंबई पाहायची असेल तर मुक्काम फोर्टातच करा (चर्चा)

धोबीतलाव

मुंबई पाहायला येणारा पाहुणा हॉटेल ठरवताना तीन गोष्टी विचारतो. भाडं किती, स्वच्छ आहे का, नाश्ता मिळतो का. ते आहे कुठं, हे सगळ्यात शेवटी येतं, आणि तेही ‘मुंबईतच आहे ना, मग झालं’ एवढ्यावर निभावतं. बुकिंगच्या अ‍ॅपवर ‘मुंबई’ टाकलं की मीरा रोडपासून पनवेलपर्यंतची हॉटेलं समोर येतात. स्वस्त म्हणून पनवेलचं घेतलं, तर हार्बर लोकलने सीएसएमटी गाठायलाच सव्वा तासाहून जास्त लागतो. परत यायला तेवढाच. सुट्टीतला अर्धा दिवस गाडीत उभं राहून गेला, वर दमणूक.

माझं म्हणणं सरळ आहे. पहिली खेप असेल, तर फोर्ट, चर्चगेट, कुलाबा एवढ्याच पट्ट्यात खोली बघा. दोन दिवस कमी राहा, खोली लहान घ्या, पण उतरा इथंच. पहिल्यांदा येणाऱ्याला जे पाहायचं असतं त्यातलं बहुतेक इथं पायी पायी होतं. सीएसएमटीची इमारत 1888 साली पुरी झाली आणि 2004 पासून ती जागतिक वारसा यादीत आहे. तिथून हुतात्मा चौक पंधरा मिनिटं. पुढं ओव्हल मैदान. मैदानाच्या एका अंगाला हायकोर्ट आणि विद्यापीठाचा राजाबाई टॉवर, दुसऱ्या अंगाला 1930 च्या आसपासच्या गोलाकार कोपऱ्यांच्या आर्ट डेको इमारती. हा सगळा समूह 2018 मध्ये त्याच यादीत गेला. तिसरा वारसा घारापुरी, म्हणजे एलिफंटा बेटावरची लेणी, तिची लाँच गेटवेवरून सुटते. एका शहरात तीन जागतिक वारसास्थळं, दोन चालत आणि तिसऱ्याचा धक्का चालत. हे सोडून माणूस पनवेलला झोपायला का जातो, ते मला कळत नाही.

आणखी एक. दुपारी एक ते चार मुंबईत उन्हात फिरणं म्हणजे शिक्षा आहे. खोली जवळ असली की जेवून दोन तास पडता येतं आणि संध्याकाळी ताजंतवानं होऊन मरीन ड्राइव्हवर जाता येतं. लांब उतरलेला माणूस सकाळी आठला निघतो तो रात्री दहाला परततो, मध्ये पाठ टेकायला जागा नाही.

कबुतरखाना

फोर्ट चांगलाच आहे हो, पण तो कचेऱ्यांचा भाग आहे हे सांगायचं राहिलं. रविवारी फोर्टात उतरलेल्या कुटुंबाला चहासाठी गल्ल्या पालथ्या घालाव्या लागतात. निम्मी हॉटेलं बंद, दुकानांची शटर खाली. गावाकडून आलेली माणसं नेमकी शनिवार-रविवारच पाहतात.

उतरायचं तर दादरला. मराठवाडा, विदर्भ, सोलापूर, कोल्हापूर, कुठूनही या, बहुतेक गाड्या दादरला थांबतात. पुण्याच्या शिवनेरी बसही तिथंच येतात. मध्य आणि पश्चिम दोन्ही रेल्वे एकाच पुलावर भेटतात, म्हणजे भायखळ्याला राणीच्या बागेत जा नाहीतर बोरिवलीला नॅशनल पार्कात, गाडी बदलायची गरज नाही. आता तर भुयारी मेट्रो 3 पण आहे. ऑक्टोबर 2025 पासून ती आरेपासून कफ परेडपर्यंत धावते, दादरहून सिद्धिविनायक एकच स्टेशन आणि सीएसएमटी, हुतात्मा चौक, चर्चगेट सगळं त्याच मार्गावर. खाली-वर करायला सरकते जिने आणि लिफ्ट, आत एसी. मग फोर्टात राहण्याचा अट्टाहास कशाला?

शिवाय खाणं. प्रकाश, आस्वाद, मामा काणे. साबुदाणा वडा, पियूष, थालीपीठ. ज्या आजींना चार दिवस पनीर आणि पंजाबी ग्रेव्ही नको असते, त्यांना दादरच बरं.

गोदाकाठ

आम्ही नांदेडहून जानेवारीत यायलोत, म्हणून हे सगळं मन लावून वाचायलो. आई, आम्ही दोघं, दोन लेकरं आणि धाकटी बहीण. सहा माणसं. तुम्ही दोघंही फोर्ट का दादर यावर भांडायलात, पण सहा माणसांना दोन खोल्या लागतात हे कुणीच धरलं नाही. फोर्टात जेवढ्यात एक डबडं मिळतं, तेवढ्यात वाशी, बेलापूरकडं दोन प्रशस्त खोल्या मिळतात. खिडकी असते, लिफ्ट असते, खाली गाडी लावायला जागा असते. आईचे गुडघे दुखतात. तिला वारसा इमारतीपेक्षा कमोड महत्त्वाचा.

प्रवासाचं म्हणाल तर आम्ही नांदेडहून रात्रभर गाडीत बसून येणार. तासाभराच्या लोकलचं आम्हाला काय भ्या दाखवता?

धोबीतलाव

रात्रभर बसून येणं वेगळं आणि सकाळी सव्वानऊला हार्बरच्या डब्यात आई आणि दोन लेकरांसकट शिरणं वेगळं. नुसतं अंतर मोजू नका, गर्दी कुठल्या बाजूला वाहते ते बघा. सकाळी आठ ते अकरा सगळी मुंबई दक्षिणेकडं निघालेली असते, संध्याकाळी साडेपाच ते साडेआठ ती परतत असते. वाशीत किंवा ठाण्यात उतरलेला पाहुणा दोन्ही वेळा याच लोंढ्यात सापडतो. फोर्टात उतरलेला उलटा जातो. चर्चगेट आणि सीएसएमटीवरून गाड्या सुटतात, सकाळी तिथून बोरिवलीकडं बसून जाता येतं. येतानाही संध्याकाळी दक्षिणेकडं येणारी गाडी त्या मानाने रिकामी. मध्येच दादरला चढणाऱ्याला ही सोय नाही, हे कबुतरखाना यांनी मान्य करावं.

रात्रीचंही बघा. मरीन ड्राइव्हची खरी मजा दिवे लागल्यावर. त्या वेळी वाशीकराचं लक्ष घड्याळाकडं असतं.

कबुतरखाना

मान्य अजिबात नाही. सकाळी दक्षिणेकडं जाणारा निम्मा डबा दादरलाच उतरतो, म्हणजे तिथं चढणाऱ्याला जागा होते. आणि मी मेट्रोचं बोलतोय, तुम्ही अजून लोकलमध्येच लटकताय.

हां, एक सांगतो म्हणजे दादरचा वकील म्हणून माझ्यावर आरोप नको. 6 डिसेंबरच्या आसपास दादरला खोली शोधू नका. महापरिनिर्वाण दिनाला चैत्यभूमीवर राज्यभरातून लाखो लोक येतात. त्या दिवशी दर्शनालाच येणार असाल तर गोष्ट वेगळी. गणपतीतही लालबाग-परळच्या बाजूला गाडी हलत नाही.

ठाणेकरीण

वाशी, ठाण्याचा विषय निघालाच आहे तर बोलते. आमच्याकडे दर सुट्टीत कुणी ना कुणी ‘मुंबई बघायला’ उतरतं. हॉटेल कशाला, तुमचं घर आहे की! मी सहाला उठून पोळ्या करते, ते साडेआठला निघतात, गर्दीने गांगरून स्टेशनवरून एकदा परत येतात, साडेदहाला पुन्हा निघतात. गेटवेला पोहोचेपर्यंत घारापुरीच्या लाँचला जाण्यात अर्थ उरलेला नसतो, कारण तासभर जायला, वर शंभरावर पायऱ्या, लेणी पाहायला दीड-दोन तास आणि पुन्हा तासभर यायला. मग तिथंच फोटो काढून परत. रात्री माझ्या हातचं जेवून म्हणतात, मुंबईत काही एवढं नाही हो बघण्यासारखं.

धोबीतलाव यांचं भाडं महाग असेल, पण त्यांचा मुद्दा मला रोज पोळ्या लाटताना पटतो. पाहुणे टाऊनमध्येच, म्हणजे दक्षिण मुंबईतच उतरावेत. यात माझा स्वार्थ आहे आणि तो मी लपवत नाही.

गोदाकाठ

ताई, तुमच्याकडं येणारे रिकाम्या हातानं येत असतील. आमच्याकडचे येताना ज्वारी, तूर डाळ, हुरडा घेऊन येतात. 😄 आम्ही नातेवाइकांकडं उतरणार नाही हे आधीच ठरलंय, तेवढं निर्धास्त राहा.

पण लाँचचं जे सांगितलं ते कामाचं आहे. सकाळची पहिली-दुसरी लाँच धरायची असेल, तर त्या दिवशी तरी गेटवेजवळ असायला पाहिजे, हे डोक्यात शिरलं.

रिसेप्शनवाला

फोर्ट आणि दादर दोन्हीकडच्या लॉजिंगमध्ये काउंटरवर काम केलंय. दोन्ही बाजूंचे वकील ज्या गोष्टी सांगत नाहीत त्या सांगतो.

फोर्टातलं मध्यम भाड्याचं हॉटेल म्हणजे बरेचदा अख्खी इमारत नसते. जुन्या इमारतीचा एक मजला असतो. खाली कुरिअरवाला, वर वकिलाचं ऑफिस, तिसऱ्या मजल्यावर हॉटेल. लिफ्ट इमारतीच्या मालकीची, त्यामुळे रात्री किंवा रविवारी बंद असू शकते. फोटोत जे पांढरं चादरीचं आणि पिवळ्या दिव्याचं दिसतं, त्यात खिडकी दिसत नसेल तर खिडकी नाही असंच समजा. पार्टिशन घालून केलेल्या खोल्या असतात, शेजारचा खोकला ऐकू येतो. गरम पाणी ठरावीक तासच, बहुतेक सकाळी.

गोदाकाठ यांना खरी अडचण वेगळीच येणार आहे. गाडी सकाळी पोहोचते आणि चेक-इन दुपारी बाराला. बारा वाजेपर्यंत म्हाताऱ्या माणसाला सोफ्यावर बसवून ठेवणारी कुटुंबं मी रोज पाहिली आहेत. तेव्हा जागा बघायच्या आधी वेळ विचारा. काही लॉजमध्ये 24 तासांचं चेक-आउट असतं, म्हणजे सातला आलात तर दुसऱ्या दिवशी सातपर्यंत खोली तुमची. तुमच्यासारख्यांना ते सोयीचं. नसेल तर आदल्या रात्रीचं भाडं भरणं किंवा रेल्वेचं रिटायरिंग रूम बघणं, ते कन्फर्म तिकिटाच्या पीएनआरवर ऑनलाइन बुक होतं, सीएसएमटीलाही आहे. आंघोळी उरकून सामान क्लोक रूममध्ये टाकून बाहेर पडता येतं.

फोनवर स्पष्ट विचारा. लिफ्ट कुठल्या मजल्यापर्यंत, रात्री चालू का? जादा गादीचे किती? भाड्यात जीएसटी धरलाय का? 7500 रुपयांपर्यंतच्या खोलीला सप्टेंबर 2025 पासून तो 5 टक्के आहे, जुना 12 टक्क्यांचा हिशेब कुणी सांगितला तर विचारा. प्रत्येक मोठ्या माणसाचं मूळ ओळखपत्र ठेवा, मोबाइलमधला फोटो सगळीकडे चालत नाही.

आणि जानेवारीत येताय म्हणून आणखी एक. तिसऱ्या रविवारी मुंबई मॅरेथॉन असते. सीएसएमटीपासून मरीन ड्राइव्हपर्यंतचे रस्ते पहाटेपासून बंद. त्या दिवशी सकाळी सहा माणसं आणि आठ बॅगा घेऊन फोर्टातल्या हॉटेलपर्यंत टॅक्सी नेऊन दाखवाच.

एकटी_फिरस्ती

सगळी चर्चा कुटुंबाची चालली आहे. एकटीने मुंबई पाहायला आलेल्या बाईचा हिशेब थोडा वेगळा. माझ्यासाठी हॉटेल किती किलोमीटरवर आहे यापेक्षा रात्री दहाला शेवटचं वळण कसं आहे ते महत्त्वाचं. फोर्टातल्या आतल्या गल्ल्या दिवसा चालायला जागा देत नाहीत आणि नऊनंतर माणूस दिसत नाही. भीती वाटावी असं काही घडलं नाही, पण कुत्री आणि बंद शटरं एवढीच सोबत. त्यापेक्षा कुलाबा कॉजवेच्या बाजूला उशिरापर्यंत दुकानं, खाण्याच्या जागा, देशी-परदेशी प्रवासी, सगळं जागं. दादर पश्चिमही जागं असतं, पण सकाळी फूलबाजाराच्या आवाजाने पाचला उठायची तयारी ठेवा.

तेव्हा ‘फोर्ट, चर्चगेट, कुलाबा’ असं एका दमात म्हणू नका. तिन्हींच्या रात्री वेगवेगळ्या आहेत. आणि ग्रँट रोड पूर्वेला स्वस्त लॉज दिसले म्हणून डोळे झाकून पैसे भरू नका, संध्याकाळनंतरचा परिसर कुणा माहितगाराला विचारून घ्या.

मरोळनाका

माझं मत कुणाला आवडणार नाही. अंधेरी पूर्व, मरोळ. ऑफिसच्या कामाने येणाऱ्यांची हॉटेलं आहेत, शनिवार-रविवारी ती ओस पडतात आणि भाव उतरतात. खोल्या नव्या, लिफ्ट हमखास चालू, नाश्ता पोटभर. मरोळ नाक्याला मेट्रो 3 पकडली की थेट चर्चगेट. तिथंच मेट्रो 1 मिळते, वर्सोव्याला जा नाहीतर घाटकोपरला. हॉटेलच्या दारात रिक्षा मिळते, जी तुमच्या टाऊनमध्ये मिळत नाही.

धोबीतलाव

मरोळला उतरून माणूस मुंबई पाहत नाही, मेट्रोची भुयारं पाहतो. मेट्रो लोकलच्या आधी बंद होते हेही लक्षात ठेवा. लोकल रात्री एकच्या आसपासपर्यंत असते, पण तोवर लेकरं खांद्यावर झोपलेली असतात.

रिक्षाचा मुद्दा मात्र चांगला काढलात, कारण बाहेरून येणाऱ्यांना हे माहीतच नसतं. रिक्षा माहीम आणि सायनपर्यंतच. त्याच्या दक्षिणेला काळी-पिवळी टॅक्सी, किमान भाडं 31 रुपये, दीड किलोमीटरला. टॅक्सीत चारच माणसं बसतात. गोदाकाठ, तुमच्या सहा जणांना प्रत्येक वेळी दोन टॅक्स्या लागतील. दादरहून दिवसातून चार खेपा दोन-दोन टॅक्स्यांनी करा आणि मग सांगा की फोर्टातली खोली महाग पडली का. खोलीचं भाडं दिसतं, हे दिसत नाही.

एकटी_फिरस्ती यांचं कुलाब्याबद्दलचं बरोबर आहे. फोर्ट म्हणताना माझ्या डोक्यात तो सगळाच पट्टा होता, पण नवख्या माणसाने नेमकी गल्ली विचारूनच घ्यावी.

लालबागचा_फटकळ

काय हो, मुंबई म्हणजे फक्त साहेबाच्या इमारती का? गेटवे, हायकोर्ट, म्युझियम, झाली मुंबई! ज्या गिरण्यांवर हे शहर उभं राहिलं त्या परळ-लालबागकडे एकाही पाहुण्याला कुणी नेत नाही. गिरणगावातली चाळ, खानावळ, मंडळाचा मंडप बघायचा असेल तर तुमचं ‘मध्यवर्ती’ ठिकाण पाच किलोमीटर वर सरकतं. आधी काय बघायचं ते ठरवा, मग खोली. इथं सगळ्यांनी यादी एकच धरली आहे आणि त्या यादीवरून भांडण चाललंय.

परळला मात्र लॉज शोधू नका. टाटा आणि केईएमला आलेल्या पेशंटांचे नातेवाईक तिथं खोलीसाठी वणवण करत असतात. फिरायला आलेल्यांनी ती जागा अडवू नये, एवढं वाटतं.

चिराबाजार

मध्ये गिरगाव आहे हे सगळे विसरले का? गिरगाव, ठाकूरद्वार, चर्नी रोड. पायी दहा मिनिटांत चौपाटी, तिथून मरीन ड्राइव्ह सुरू. मेट्रो 3 चं गिरगाव स्टेशन आहे, पुढचं काळबादेवी आणि त्यापुढचं सीएसएमटी. वर पश्चिम रेल्वेचं चर्नी रोड. रविवारीही माणसं राहतात म्हणून सगळं उघडं. विनय हेल्थ होममध्ये मिसळ खा, खोताच्या वाडीतून चक्कर मारा, केशवजी नाईक चाळ बघा, जिथं 1893 पासून सार्वजनिक गणपती बसतो. फटकळ साहेबांची चाळही त्यात आली.

हॉटेलं कमी आहेत, हे खरं. जुनी लॉजिंगं, काही धर्मशाळा. पण फोर्टासारखं रात्री ओस नाही आणि दादरसारखं स्टेशनबाहेर बॅग घेऊन उभं राहायला जागा नाही असंही नाही.

कबुतरखाना

गिरगावात गाडी पार्क करून दाखवा, मग बोलू.

चिराबाजार

नांदेडहून रेल्वेनं येणाऱ्या माणसाला पार्किंग कशाला? तुम्ही दादरकर सगळीकडे आधी पार्किंग शोधता.

गोदाकाठ

भांडा भांडा, आमचा फायदा व्हायलाय. घरी बसून हिशेब केला. वाशीला राहिलं तर खोलीत वाचतात ते पैसे टॅक्सीत आणि तिकिटात जातात असं नाही, थोडे वाचतातच. धोबीतलाव यांनी तेवढं फुगवून सांगितलंय. पण आई दुपारी खोलीवर येऊ शकली नाही तर ती पहिल्याच दिवशी ‘मी इथंच बसते, तुम्ही या बघून’ म्हणणार आणि बहिणीला तिच्यासोबत थांबावं लागणार. हा हिशेब पैशात बसत नाही. म्हणून वाशी काटली.

मरोळही काटलं, माफ करा. गिरगाव किंवा दादर, यातलं जे लिफ्ट आणि कमोडसकट मिळेल ते. घारापुरी आणि म्युझियम पहिल्या दोन दिवसांत, नॅशनल पार्क शेवटी.

रिसेप्शनवाला

दिवस ठरवताना वार बघा. घारापुरी सोमवारी बंद, नॅशनल पार्कातली कान्हेरी लेणीही सोमवारी बंद. राणीची बाग बुधवारी बंद. लेकरांना पेंग्विन दाखवायचं कबूल केलं असेल तर बुधवार टाळा. रविवारी लोकलचा मेगाब्लॉक असतो, म्हणजे दुरुस्तीसाठी काही तास गाड्या बंद, कुठल्या मार्गावर ते आदल्या दिवशी जाहीर होतं.

आणि दादरला घेणार असाल तर पूर्व की पश्चिम हे बुकिंगच्या आधी विचारा. ‘स्टेशनपासून पाच मिनिटं’ लिहिलेलं असतं, पण मेट्रो आणि सिद्धिविनायक पश्चिमेला आणि तुमची खोली पूर्वेला निघाली, तर आईंना दर वेळी तो पूल चढावा लागेल.

धोबीतलाव

म्हणूनच म्हणतो, फोर्ट. आमच्याकडे पूल चढायला नको, भुयारी मार्ग आहे.

एकटी_फिरस्ती

त्याला पण पायऱ्या आहेत, काका.